जागा

डिसेंबर लागला की आमच्या घरात एकच प्रश्न फिरायला लागतो : जागा आहे का?

सुरतेच्या नवागामातलं आमचं घर म्हणजे एकीवर एक अशा दोन खोल्या आणि मधे लोखंडी जिना. एरवी चौघांना पुरतं. नाताळात नंदुरबारहून आत्या येते, आत्याबरोबर तिची सून, सुनेबरोबर तीन मुलं. आणि चिंचपाड्याचा मामा ‘मी एकटाच आहे’ असं सांगून चार जणांना घेऊन येतो. उधना-जळगाव लाइनवरची ही माणसं गाडीत जागा धरायला इतकी सरावलेली, की घरात शिरल्या शिरल्या खिडकीजवळ रुमाल टाकतात. फोनवर मी म्हणतो, “या ना, जागाच जागा आहे.” तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच वाजतात.

तसा हा महिना सुरतेत कुणालाच मोकळा नसतो. कापड मार्केटात लग्नसराईच्या साड्यांची धांदल. परदेशातले नातलग थंडीत येतात ते लग्नं उरकूनच जातात. पोंकाच्या गाड्या लागतात, रस्त्याकडेला उत्तरायणाचा मांजा रंगायला लागतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. वर लिंबू-मिरीची शेव पडली की तो सुरती होतो. या सगळ्यात आमचा नाताळ म्हणजे सुटत्या गाडीत शेवटी चढणारा उतारू. एक पाय आत, एक बाहेर.

‘नाताळ’ शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचा अर्थ जन्म, असं मी घरात अनेकदा सांगून पाहिलं. आमच्या हिला ते पटत नाही. तिच्या मते ज्याला ना ताळ ना तंत्र, तो नाताळ. पुराव्यादाखल ती मला यादी दाखवते. मी मार्केटात हिशेब लिहितो, त्यामुळे घरातली प्रत्येक यादी साडीच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर असते. मैदा, रवा, तेलाचा डबा, चांदणीचा बल्ब, पडदे धुणे, जिन्याला रंग. एका वर्षी त्या पुठ्ठ्यावर ‘गॅसची टाकी’ आणि ‘इस्त्रीचे कपडे’ यांच्यामध्ये ‘उपासना, सकाळी 9’ अशी ओळ सापडली. तारीख होती 20 डिसेंबर. उपासना व्हायला पाच दिवस होते, पण पुढे ‘झालं’ अशी खूण आधीच पडली होती. अक्षर माझंच होतं.

फराळ आमच्याकडे दिवाळीचाच : करंज्या, शंकरपाळे, चकल्या, वेळ उरला तर अनारसे. त्यामुळे आमच्या गल्लीला दिवाळी दोनदा खायला मिळते आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. केकही होतो. पण गुजरातेत दारूबंदी, तेव्हा आमच्या मनुका संत्र्याच्या रसातच भिजतात. नवापूर स्टेशनावर ते प्रसिद्ध बाक आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मामा म्हणतो, काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो इकडे करायचा झाला असता तर त्या बाकाच्या पलीकडच्या अर्ध्यावर सरकून बसावं लागलं असतं.

अशा धबडग्यात नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट घेतली. येशू घरी आलेला. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे, मार्था कामाने वैतागली आहे. ती तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. उपदेश चालू असताना बायकांच्या बाजूला एक वेगळीच शांतता पसरली. बाहेर आल्यावर ही म्हणाली, “दोघी बहिणी पायाशी बसल्या असत्या, तर पाहुण्यांना वाढलं कोणी असतं? आणि साहेबांना विचारा, आज दुपारी ते जेवायला कुणाकडे आहेत.” ते आमच्याकडेच होते. तीन वेळा रस्सा घेतला.

खरं सांगायचं तर मीही मार्थेच्या पक्षाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाऊ लाजर वारल्यावर येशू येतो आहे असं कळताच गावाबाहेर सामोरी गेली ती मार्था. मरीया घरात बसून होती. तूच ख्रिस्त, ही कबुली मार्थेने त्या वाटेवर उभ्या उभ्या दिली. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या वळणाची भजनं रचली, ती आम्ही आजही पेटी-तबल्यावर गातो. पण त्यांचं घर कोणी ओढलं, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला विचारावं लागत नाही. शिवाय टिळकांच्या हातून अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. काम करणाऱ्या बाईला भक्ती जमत नाही, हे मला मान्य नाही.

पहिला नाताळ तरी कुठे निवांत होता? योसेफाची सगळी पळापळ कागदपत्रांची. औगुस्त कैसराने नावनोंदणीचा हुकूम काढला, ज्याने त्याने आपल्या मूळगावी जावं. राहणं नासरेथला, मूळगाव बेथलेहेम; अंतर साधारण सुरत-नंदुरबारइतकं. नवागामातल्या माणसाला हे उलगडून सांगावं लागत नाही. शिरपूर-शिंदखेड्याकडचं रेशनकार्ड सांभाळत इथे वीस वर्षं काढलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत. आणि त्यांना ‘जागा नाही’ म्हणणारा तो उतारशाळेचा मालक. लूकने त्याचा साधा उल्लेखही केलेला नाही, पण रविवारच्या शाळेच्या नाटकात त्याचं काम करायला दरवर्षी एक जाडा मुलगा लागतोच. सगळे त्याला दुष्ट ठरवतात. मला त्याची कीव येते. तो दुष्ट नव्हता, त्याचा सीझन चालू होता.

हे मला कळलं त्याला एक रात्र कारण झाली. दोन वर्षांपूर्वीचा 24 डिसेंबर. दुपारी चढलेली कढई रात्री दहाला उतरली. शेजारपाजारचे डबे पोचवून झाले. खालच्या खोलीत नऊ जणांच्या पथाऱ्या पडल्या. बाराच्या सुमारास कॅरलवाले येणार होते. “ते आले की मला उठव,” असं प्रत्येकाने दुसऱ्याला सांगितलं आणि प्रत्येकजण निर्धास्त झोपला.

कॅरलवाले वेळेवर आले. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि कापसाची दाढी लावलेला एक सांताक्लॉज. आमच्या चांदणीखाली उभं राहून त्यांनी तीन गाणी म्हटली, कडी वाजवली. आतून आत्याच्या घोरण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

त्याच वेळी शेजारचे जिभाऊ उधन्याहून लूमवरून परतत होते. एरवी त्यांची रातपाळी सकाळी सुटते, पण त्या रात्री मशीनवरचं बीम संपलं आणि नवं चढायला वेळ होता. थंडीत ताटकळणारी पोरं बघून त्यांनी त्यांना आपल्या ओट्यावर बसवलं, चहा टाकला आणि संध्याकाळी आम्हीच दिलेला फराळाचा डबा उघडून पुढे ठेवला. पोरांनी मग सगळी गाणी त्यांच्यासाठी पहिल्यापासून म्हटली.

सकाळी कडक कपड्यांत उपासनेला निघालो, तर जिभाऊ दात घासत ओट्यावर उभे. म्हणाले, “भाऊ, तुमना देवना जलम मीच आयका!” तुमच्या देवाचा जन्म मीच ऐकला. बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, उलट शेजाऱ्याचं पार्सल आपण नीट घेऊन ठेवल्याचं समाधान होतं. रिकामा डबाही त्यांनी धुऊन परत दिला.

त्या दिवशी उपासनेत लूकचा तोच अध्याय वाचला गेला आणि मला आपल्या भाषेची गंमत दिसली. ‘जागा’ म्हणजे ठिकाण आणि ‘जागा’ म्हणजे न झोपलेला. उतारशाळेत जागा नव्हती, पण रानात मेंढपाळ जागा होता. बातमी त्यालाच मिळाली, कारण तो रातपाळीवर होता. आम्ही महिनाभर पहिल्या जागेसाठी धडपडलो, पथाऱ्या मोजल्या; दुसऱ्या जागेला घरात एकही माणूस उरला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे 24 तारखेला दिवेलागणीला कढई उतरते. झालं ते झालं. अनारसे हटकून राहतात. सुरतेत एके काळी आर्मेनियन व्यापारी होते, कतारगामला त्यांची जुनी थडगी आहेत. त्यांच्या चर्चचा नाताळ 6 जानेवारीला. राहिलेले अनारसे ही आर्मेनियनांच्या खात्यावर टाकते.

आणि रातपाळ्या लावल्या आहेत. दहा ते अकरा मामा, अकरा ते एक मी. घोंगडी पांघरून जिन्यावर बसतो. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मांडीवर असतं, पण वाचायला उजेड पुरत नाही. वर चांदणी हलते, लांबून गाडीची शिटी येते, घरात नऊ-दहा माणसांचा श्वास ऐकू येतो. मोठी प्रार्थना मला सुचत नाही. आम्ही आहोत, एवढंच सांगतो. जिभाऊंना पाळी नसली तर तेही येऊन बसतात. कॅरलवाले आले की आधी त्यांनाच विचारतात, “पेटी आणली ना?”

यंदा तुमच्याकडे किती पाहुणे येणार, ते तुम्ही मोजलं असेलच. यादीही झाली असेल. तिच्यात एक ओळ राहिली असेल तर आत्ताच घाला : रात्री बारा वाजता दार कोण उघडणार. नाव लिहा. आणि दार उघडेपर्यंत तिथे खूण करू नका.