पट्टीकाका

आमच्या सोसायटीच्या सभेत पाणी, पार्किंग आणि पट्टीकाका यांपैकी काहीही निघालं की चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो. पहिल्या दोहोंवर कधीतरी तोडगा निघेल अशी आशा तरी आहे.

काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचं तारुण्य गोदरेजच्या टाइपरायटरवर गेलं. 1955 साली बाजारात आलेल्या पहिल्या देशी टाइपरायटरच्या वंशातला तो. त्याला मोजपट्टी होती, दोन्ही बाजूंचा समास अडवायच्या खुट्या होत्या, टॅब होता. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे घाबरले. काकांना मात्र वर्डच्या पानाच्या डोक्यावर तीच पट्टी दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कॉम्प्युटरमध्ये आणखी काय काय असतं, याची चौकशी त्यांनी आजतागायत केलेली नाही.

एखाद्याच्या वर्डमध्ये पट्टी झाकलेली असली तर काका खुर्चीवर टेकतही नाहीत. “आधी ‘व्ह्यू’त जाऊन ‘रूलर’वर टिक करा, मग बोलू.” पट्टी उघडली की पाठ सुरू होतो. “डावीकडे बघा. वरचा त्रिकोण परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचा. खालचा बाकीच्या ओळींचा. त्याच्या बुडाशी चौकोन आहे ना, तो दोघांना घेऊन सरकतो. उजवीकडे एक त्रिकोण एकटाच असतो. त्याला कुणी विचारत नाही. मी विचारतो.” मग ऑल्टचं बटण दाबून ते वरचा त्रिकोण ओढतात आणि पट्टीवर उमटलेले आकडे मोठ्याने वाचतात. 1.27 सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच. 1.25 ला थांबलेल्या माणसाशी ते दोन दिवस बोलत नाहीत.

त्यांचं खरं वैर स्पेसबारशी. आमचे सचिव तरुण आहेत, सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि परिच्छेद आत सरकवायला अंगठ्याने स्पेसबार बडवतात. त्यांनी नोटीस दाखवली की काका शांतपणे कंट्रोल, शिफ्ट आणि आठ दाबतात. प्रत्येक रिकाम्या जागेचं टिंब उमटतं आणि पानाला गोवर येतो. “पहिल्या परिच्छेदाला अकरा टिंबं, दुसऱ्याला नऊ. दुसऱ्याने काय घोडं मारलंय?”

सचिवांनी एकदा चिडून पट्टी वापरलीही. त्रिकोण ओढला, तर एकच परिच्छेद आत गेला, बाकीचे जागचे हलले नाहीत. “अहो, आधी सगळा मजकूर सिलेक्ट करा,” काका म्हणाले, “कर्सर आहे तेवढ्याच परिच्छेदाचं ती ऐकते. तुमच्या कमिटीसारखी सगळ्यांच्या वतीने ठराव नाही करत.”

काकांची खरी करामत वार्षिक सभेच्या इतिवृत्तात दिसली. छापायच्या आदल्या रात्री सचिवांनी फाँट मंगलचा कोकिला केला. कोकिला अंगाने बारीक. अक्षरं आक्रसली, त्यांच्याबरोबर स्पेसही आक्रसल्या. सह्यांच्या जागी अध्यक्षांच्या नावाखाली ‘खजिनदार’ आलं आणि खजिनदारांच्या नावाखाली काहीच नाही. काकांनी लावलेले ठराव मात्र जसेच्या तसे: क्रमांक बाहेर, मजकूर आत एका रेषेत, सूचक आणि अनुमोदक आपापल्या टॅबवर. त्या ठरावांत नेमकं काय मंजूर झालं, हे काकांना विचारू नका. त्यांनी ते वाचलेले नाहीत.

हाच न्याय घरातही चालतो. पुतणीला स्थळ सांगून आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, पत्रिका जुळत होती. काकांनी मेलवर आलेला बायोडेटा उघडला आणि तीन बटणं दाबली. नाव, जन्मतारीख, रास, गोत्र, सगळ्यांपुढचे कोलन स्पेस मारमारून एका रेषेत आणलेले, आणि गोत्राचा तरीही जरा पुढे गेलेला. “ज्याला एक टॅब लावता येत नाही, तो संसार काय लावणार?” स्थळ परत गेलं.

तेव्हा उपवर मुलांच्या आईबापांना एकच विनंती आहे. बायोडेटा पाठवण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि आठ दाबून बघा. टिंबांची रांग दिसली तर ती पुसा आणि टॅब लावा. पट्टीकाका प्रत्येक सोसायटीत असतात आणि प्रत्येकाला लग्नाची पुतणी असते.