परतीची गाडी

आमचे टाइमटेबलकाका तुम्हाला ठाऊक असणारच. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, इतकंच. मुंबईत पहिली सर कोसळली की त्यांचे मेसेज सुरू होतात. रविवारी मेगाब्लॉक, जलद गाड्या धीम्या मार्गावर, तेव्हा पहिली कर्जत धरा. नेरळहून माथेरानची मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद, अमन लॉजपासून मिळेल. आणि खाली ठळक अक्षरांत: परतीची गाडी.

ठाणंसुद्धा आलेलं नसतं, तोच विचारतात, "येताना कुठली, लक्षात आहे ना?"

कोथळीगडाला गेलो होतो. कर्जतहून आंबिवलीपर्यंत सहा आसनी रिक्षा, पुढे चिखल तुडवत पेठ गाव. गडाच्या सुळक्याच्या पोटातूनच पायऱ्या कोरल्या आहेत. ओल्या अंधारातून चाचपडत वर आलो आणि धुकं फाटून भीमाशंकरची रांग समोर उभी राहिली. कुणी 'वा!' म्हणायच्या आत मागून आवाज, "चारला गड सोडला तर परतीची नक्की." धबधब्याखाली तर या गृहस्थांनी मनगटावरच्या घड्याळाला प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवीला आतून वाफ धरली, काटे दिसेनात, म्हणून दर पाच मिनिटांनी गाठ सोडून बघत होते. घड्याळ भिजलंच.

मी वैतागून म्हटलं, "काका, मग घरातून निघायचंच कशाला?"

"परत यायची सोय आहे म्हणून," ते म्हणाले.

एका जुलैत मात्र नेरळलाच अडकलो. बदलापूर-वांगणीकडे रुळांवर पाणी, गाड्या ठप्प. आता काका फलाट डोक्यावर घेणार, अशी आमची खात्री. तर त्यांनी बूट काढले, मोजे पिळून बाकावर वाळत घातले आणि उघडलेल्या डोंगराकडे बोट केलं. हे माथेरान, तो पेब, मग नाखिंद, चंदेरी, रांग थेट मलंगगडापर्यंत. मग सांगू लागले, या डोंगरांवरची कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. एका बहराला ते काकूंना घेऊन पेबवर चढले होते. पुढच्या बहरापर्यंत काकूंचे गुडघे गेले. आता त्या दारातच विचारतात, काय काय दिसलं? त्यांना सांगायचं तर त्या जाग्या असताना पोचायला हवं.

इतकी वर्षं हे आम्हाला कधी सांगितलं नाही, बाबा रे!

काका चंदेरीची वाट समजावत होते तेवढ्यात लोकल आली, थांबली, सुटली. त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी बोललो नाही. मागून आणखी गाड्या आहेत, हे त्यांच्याच तक्त्यात हळूच बघून घेतलं होतं.