पिवळेपणाचा सोस

आमच्या फ्रिजच्या दारात पाच डबे आहेत. आईचं घरचं लोणी, माझं खारं पिवळं बटर, मुलीचं पीनट बटर, धाकट्याचं चीज स्प्रेड आणि पाचवा डबा मार्गारिनचा. हा पाचवा हिने माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाचून आणला. त्याच्या झाकणावर हृदयाचं चित्र आहे आणि चव साधारण त्या झाकणाचीच आहे.

आईने डबा उघडून वास घेतला. "हे कढवलं तर तूप होतं का रे?"

"नाही."

"मग ठेवायचं कशाला?"

यावर अजून तरी आमच्यात कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

खरं तर मार्गारिनचा जन्मच दुसऱ्याची जागा घेण्यासाठी झाला. सैन्याला आणि गरिबांना परवडेल असा लोण्याला पर्याय शोधा, म्हणून फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस लावलं आणि मेज-मुरिए नावाच्या गृहस्थाने १८६९ मध्ये तो चक्क गायीबैलांच्या चरबीतून काढला. (आताचं मार्गारिन बहुतेक वनस्पती तेलांचं असतं; आईला मी एवढंच सांगितलंय.) पुढे ते लोण्यासारखं दिसावं म्हणून त्याला पिवळा रंग देऊ लागले आणि दूधवाल्यांचं पित्त खवळलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन या दुधातुपाच्या राज्यात पिवळ्या मार्गारिनवर १९६७ पर्यंत बंदी होती. दमणहून बाटल्या आणाव्यात तसं तिथले लोक शेजारच्या इलिनॉयमधून गाडीच्या डिकीत मार्गारिन आणत.

पण आपण हसायचं कारण नाही. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र असतं. आपल्या पाकिटातल्या बटरचा पिवळेपणा अ‍ॅनाटोच्या बियांचा. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणजे मी ज्याची बाजू घेऊन भांडतो तेही रंगरंगोटी करूनच टोस्टवर येतं. चवीचंही तेच. अमूलचं बटर नवीन होतं तेव्हा पोल्सन बटरच्या आंबूस, खारट चवीला सोकावलेल्या मुंबईकरांना ताज्या सायीचं हे बटर अगदीच मिळमिळीत वाटलं, असं अमूलच्याच कुरियन यांनी सांगितलं आहे.

आईचं लोणी या भानगडीत पडत नाही. आठवड्याची साय विरजायची, दुसऱ्या दिवशी घुसळायला घ्यायची. आधी नुसता फेस येतो आणि हात भरून येतात. मग एकाएकी रवी जड होते, तिचा आवाज बदलतो, कडेला कणी दिसू लागते. तेवढ्यात गार पाणी घालायचं, हाताने गोळा वळायचा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा. त्या वेळी स्वयंपाकघरात फिरकणाऱ्याच्या हातावर सुपारीएवढा गोळा पडतो. मी नेमका तेव्हाच पाणी प्यायला जातो.

तरी ब्रूनवर मात्र मला खारं बटरच लागतं. गोड्या लोण्याने त्या कडक पावाचं काही होत नाही. परवा एका हॉटेलात ब्रून-मस्का मागवला. मस्का जिभेवर विरघळेना, टाळ्याला मेणासारखा चिकटून बसला. मालकांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, मस्काच आहे, फक्त बटर नाही."

सध्या आमच्याकडे तह झालाय: पावाला खारं बटर, भाकरी-थालीपिठाला लोणी, मुलांनी आपापल्या डब्यात काय ते बघावं आणि मार्गारिन हिच्या केकमध्ये जावं, तिथे ते कोणाला ओळखू येत नाही. तुमच्याकडे गरम थालीपिठावर मार्गारिन वाढत असतील तर खुशाल वाढा. फक्त त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावू नका.