येऊ द्या, येऊ द्या... बास!

नंबरप्लेटवरचा मिणमिणता दिवा सोडला, तर मोटारीच्या पाठीमागे पांढरा दिवा फक्त रिव्हर्सचा. त्यामागचा विचार सरळ आहे. पांढरा उजेड गाडीच्या पुढून पडतो; तोच पाठीमागून दिसला तर गाडी आपल्या अंगावर येतेय, बाजूला व्हावं. जगभर हा संकेत चालतो. आपल्या दुचाकीस्वारालाही तो पाठ आहे, फक्त त्यानं अर्थ स्वतःपुरता लावून घेतलाय. पांढरा दिवा लागला, म्हणजे गाडी आणि भिंत यांच्यातली फट आता बुजणार. घुसायचं तर आत्ताच!

हा दिवा सुधारायला हवा, याबद्दल दुमत नाही. गिअर पडल्यावर तो पेटतो, म्हणजे सूचना आणि घटना एकाच मुहूर्तावर. नळ कोरडा पडल्यावर हाती येणाऱ्या पाणीकपातीच्या नोटिशीइतकाच त्याचा उपयोग. ऑटोमॅटिक गाड्यांची आणखी वेगळी तऱ्हा. पार्किंगमधून पुढे निघताना दांडा रिव्हर्सवरून सरकतो, दिवा क्षणभर लुकलुकतो आणि मागून जाणारे आजोबा भाजीच्या पिशवीसकट उडी मारतात. गाडी मात्र पुढे निघून जाते.

पांढऱ्या दिव्यावर भरवसा नसलेले लोक चारी इंडिकेटर लावतात. ते बटण खरं तर गाडी बंद पडली, रस्त्यात अडथळा झाला, तर दाबायचं. आपल्याकडे ते परवानापत्र आहे. चौकात सरळ जायचं, लावा चारी. पाऊस आला, बोगदा आला, लावा चारी. द्रुतगती मार्गावर लोणावळ्याचा फाटा चुकला, तर चारी लावून कडेकडेनं उलटं यायला सुरुवात! मागून शंभराच्या वेगानं ट्रॅव्हल्सची बस येत असते. पण तिच्या चालकाला आता दिसतंय ना, मग जबाबदारी त्याची. आपण सांगितलं होतं.

काहींचा प्रकाशापेक्षा नादब्रह्मावर विश्वास. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न लावू नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. ते बहुधा पुढे जाणाऱ्यांसाठी असावं. मागे येणाऱ्या गाड्या आरती वाजवतात, देशभक्तीपर गीत वाजवतात, आणि पहाटे सहाला बीथोवनसुद्धा वाजवतात. त्या बिचाऱ्याला उत्तरायुष्यात ऐकू येत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहायला असता, तर त्यानं त्याचं दुःख केलं नसतं.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. बंपरमधल्या त्या टिकल्या ध्वनिलहरी सोडतात, परत आलेला प्रतिध्वनी मोजतात आणि अडथळा जवळ आला की पीप-पीपची लय वाढवतात. बारीक खांब, बुटका दगड, अगदी जवळ बसलेलं कुत्रं त्यांच्या नजरेतून निसटू शकतं, असं गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासकट डॅशबोर्डच्या कप्प्यात सुरक्षित आहे. पीप-पीप फार व्हायला लागलं, तर गाण्याचा आवाज वाढवण्याची सोय कंपनीनं स्टिअरिंगवरच दिलीय.

या सगळ्यांच्या आधीपासून सेवेत असलेली आपली देशी यंत्रणा म्हणजे मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. तो वॉचमन असेल, इस्त्रीवाला असेल, नुसताच रिकामा असेल. आरशात दिसणार नाही अशा नेमक्या जागी तो उभा राहतो, डिकीवर थाप मारत ताल धरतो आणि हातवारे असे करतो की स्टिअरिंग कुठे फिरवायचं ते विश्वामित्रालाही कळू नये. ‘येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या...’ मग धप्प. मग ‘बास!’ त्यानंतर तो वाकून ओरखडा पाहतो, अंगठ्यानं पुसतो, ‘पॉलिशनं जाईल’ असा निकाल देतो आणि निघून जातो. पश्चात इशारा देण्याची ही पद्धत इतकी परिपूर्ण आहे, की तिच्यात दिव्यानं काय भर घालावी?

आता परदेशात मागच्या रस्त्यावर उजेडाच्या रेघा पाडणारे दिवे आलेत. गाडी कुठवर येणार ते पादचाऱ्याला जमिनीवरच दिसावं, ही कल्पना. इथं ते आले, की त्या रेघांच्या आत पाणीपुरीची गाडी लागेल आणि बाहेर उभं राहण्याचं पार्किंग शुल्क सुरू होईल.

तेव्हा आमची सूचना अगदी स्वस्तातली आहे. आजवरचे सारे दिवे, भोंगे आणि आरत्या मागच्या माणसाला बजावतात, ‘तू सांभाळ’. लहान मूल, म्हातारं माणूस, पाठमोरा हातगाडीवाला, सगळ्यांनी सांभाळायचं. मागे येणाऱ्यानं फक्त यायचं. म्हणून नवा दिवा मागे नकोच. तो आत, चालकाच्या नाकासमोर लावावा आणि त्यावर ठळक अक्षरं उमटावीत: ‘मान वळवा.’ जोवर मान वळत नाही, तोवर गाडी हलू नये.

उत्पादकांनी हे मनावर घेतलं, तर पहिल्याच आठवड्यात तो दिवा बंद करून देणारे गॅरेजवाले गल्लोगल्ली तयार होतील. दोनशे रुपयांत. सोबत रिव्हर्सची आरती मोफत.