कर्त्याच्या शोधात

इंग्रजी कायद्यात ‘कन्व्हर्जन’ नावाचा एक दिवाणी प्रकार आहे. दुसऱ्याची वस्तू हाती आली आणि ती आपलीच असल्यासारखी विकली, वापरली किंवा गहाण टाकली, की झालं कन्व्हर्जन. नागपुरातल्या अनुवादकापुढे हा शब्द ठेवून पाहा. इथे कन्व्हर्जन म्हटलं की आठवते दीक्षाभूमी आणि १४ ऑक्टोबर १९५६, नाहीतर शेताचं एनए करून पाडलेलं लेआउट. दुसऱ्याचा माल आपला करण्याचा अर्थ कोणाच्या डोक्यातही येत नाही. काही लेआउटवाल्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकाच सातबाऱ्यावर सापडतात.

फौजदारीच्या बाजूला सरकारी मराठीने तयारी चोख ठेवली होती. जुन्या दंडसंहितेतलं ४०३ म्हणजे अपहार आणि ४०५ म्हणजे ‘फौजदारीपात्र न्यासभंग’. हा दुसरा शब्द ऐकून फिर्यादीला वाटायचं, कुठल्या तरी देवस्थानाचा ट्रस्ट मोडला असावा. ठाणेदार त्यालाच ‘चारशे सहा’ म्हणायचा आणि मग सगळ्यांना कळायचं. लोकांना ना अपहार लागतो, ना न्यास. त्यांच्याकडे खाल्ले, गिळले, ढापले, हडपले, जिरवले अशी धातूंची रांग उभी आहे. मराठीत परका पैसा बहुतेक वेळा तोंडावाटेच जातो, आणि पचतोही.

पण खरी कारागिरी प्रयोगात आहे. ‘बुडवणे’ला बुडवणारा कर्ता लागतो, ‘बुडणे’ला असा कोणी लागत नाही. म्हणून बँकेत पैसे नेहमी बुडतात. फुटाळा तलावात पोरगं बुडावं तसे, आपले आपण. घोटाळाही ‘होतो’, पाऊस होतो तसा. कार्यालयीन मराठी त्याहून सभ्य: रक्कम ‘वळती करण्यात आली’, प्रक्रिया ‘पाळण्यात आली नाही’, बाब ‘निदर्शनास आली’. अख्ख्या लांबलचक अहवालात एकही माणूस काही करताना दिसत नाही.

कायद्याला असं चालत नाही. १८६० साली मंजूर झालेल्या, मेकॉलेच्या मसुद्यातून उतरलेल्या संहितेत ४०५ कलमाखाली एक उदाहरण होतं. दिल्लीचा एक गृहस्थ कलकत्त्यातल्या आपल्या दलालाला एक लाख रुपये पाठवतो आणि कळवतो की हे कंपनीच्या कागदात, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्जरोख्यांत गुंतव. दलाल लबाडीने तो हुकूम धाब्यावर बसवतो आणि पैसा स्वतःच्या धंद्यात घालतो. झाला न्यासभंग. पुढच्याच उदाहरणात दलाल मालकाचं भलं होईल अशा प्रामाणिक समजुतीने बँक ऑफ बेंगालचे शेअर घेतो. तिथे मालकाचं नुकसान झालं तरी गुन्हा नाही.

ही गोष्ट लिहिणाऱ्याला नागपूर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. २००१-०२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. शेतकऱ्यांच्या बँकेचे पैसे, तेही सरकारी रोख्यांत, म्हणजे यापेक्षा सोवळा व्यवहार नाही. त्या कंपन्यांत एक होती होम ट्रेड. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन असे तिघे होते. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही तिच्या गळाला लागल्या. मेकॉलेच्या गोष्टीत निदान कंपनीचा कागद होता. इथे कंपनी आली, कागद आला नाही.

२००२ साली गुन्हा दाखल झाला. मग कोर्ट ‘पैसे बुडाले’ या वाक्याचा कर्ता शोधत बसलं. शाळेत हे काम पोरं ‘कोणी?’ असा प्रश्न विचारून करतात. इथे त्याला २१ वर्षं लागली. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नऊपैकी सहा जणांना दोषी ठरवलं, तिघांना निर्दोष सोडलं. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि नंतरचे मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांचा कारावास आणि साडेबारा लाखांचा दंड झाला. लगोलग सावनेरची आमदारकीही गेली. प्रकरण अपिलात गेलं. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला.

दंडाची रक्कम दीडशे कोटींच्या शेजारी ठेवून पाहण्याचा मोह वाचकाने टाळावा. त्याने फक्त डोकं दुखतं.

तेवढ्यात कायद्यानेच घर बदललं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४०५ ते ४०९ अशी पाच कलमं एकट्या ३१६मध्ये राहायला आली. ‘चारशे सहा’ची सवय झालेल्या ठाणेदारांना आता ‘तीनशे सोळा’ पाठ करावं लागतं. सरकारी बाबू किंवा बँकवाल्याने हात मारला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षेची सोय पूर्वी ४०९मध्ये होती, ती आता ३१६च्या पाचव्या पोटकलमात आहे. तुरुंग तेच आहेत.

आणि शिक्षेने पैसा परत येत नाही. तो वसूल करण्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ८८ची स्वतंत्र चौकशी असते: नुकसान किती, आणि ते कोणाच्या नावावर टाकायचं. म्हणजे पुन्हा कर्त्याचाच शोध, फक्त या वेळी रुपयांसह. केदारांना शिक्षा झाली तेव्हाही ही चौकशी पुरी झाली नव्हती. ती रेंगाळली, अर्थात आपोआपच. कोणी रेंगाळवली, हे सहकार खात्याच्या मराठीत म्हणता येत नाही.