बिशपचं काडतूस

जमिनीतून वस्तू काढायला मला दहा मिनिटं लागतात. ती काय आहे हे कळायला महिना-दीड महिना जातो, आणि कळल्यावर वाटतं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

मी इंग्लंडात, सफोक परगण्यात राहतो. सुट्टीच्या दिवशी इथली शहाणी माणसं बागेत गुलाब छाटतात. मी कानाला हेडफोन लावून, हातात मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतातून रांगत्या वेगानं चालतो. शेतमालकाची लेखी परवानगी आहे आणि त्याची अट एकच : खड्डे बुजवायचे. बायकोच्या अटी बऱ्याच आहेत, त्यातल्या पहिल्या चार बुटांविषयी आहेत.

सफोकमध्ये हा आजार बळावण्याला कारण आहे. 1992 च्या नोव्हेंबरात याच परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन आला आणि त्याला रोमन काळातली जवळजवळ 15 हजार नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे सापडले. मागाहून हातोडाही सापडला. तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियमच्या मालकीचा आहे. माझं नशीब पाहता त्या शेतात मी असतो, तर पहिल्या पाच मिनिटांत हातोडा सापडून घरी परतलो असतो.

यात यंत्राला बोल लावता येत नाही. खालच्या चकतीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्यामुळे धातूत विजेचे बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचं उत्तर परत येतं आणि पडद्यावर आकडा उमटतो. लोखंडाचा आकडा खाली, चांदीचा वर. खरा घोळ मधल्या आकड्यांत आहे. सोन्याची अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याचं ओढून काढायचं कडं यांचा आकडा पुष्कळदा सारखाच येतो. म्हणजे सोनं हवं असेल तर प्रत्येक कडं उपसणं आलं. सफोकच्या पणज्यांनी दागिने किती घातले हे मला अजून समजलेलं नाही. त्यांच्या पणतवंडांनी बिअर किती प्यायली याचा पुरावा मात्र गॅरेजमध्ये डबा भरून ठेवला आहे.

पण कड्यांचं एक बरं असतं, ती ओळखता येतात. गोत्यात आणतात त्या गोल, गंजक्या, अर्धवट अक्षरं असलेल्या वस्तू. अशी वस्तू हाती आली की मी तिला ताबडतोब बढती देतो. एकदा पितळेची एक वाटोळी टोपी निघाली. तीवर ई, एल आणि शेवटी वाय ही अक्षरं दिसत होती, मधलं काहीतरी झिजलं होतं, आणि शेजारी 12 हा आकडा. आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर ईली नावाचं गाव आहे, तिथं भलंमोठं कॅथीड्रल आहे, आणि त्या कॅथीड्रलला 1109 पासून बिशप आहेत. ईली, बारावं शतक, बिशपची मोहर! मी रात्री दोनपर्यंत जागून बिशपांची यादी काढली, त्यातले दोघे मला विशेष संशयास्पदही वाटले. सकाळी शेतमालकाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की हे एली कंपनीचं बारा बोअरचं काडतूस आहे आणि बहुधा त्याच्या वडिलांनी ससे मारताना उडवलेलं आहे.

नंतर एक पातळ, पिवळी धमक चकती निघाली. एका बाजूला मुकुट आणि फुलं, दुसऱ्या बाजूला क्रूस लावलेला गोल, कडेनं अक्षरं. आता इथं कायदा असा की 300 वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडली तर 14 दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावं लागतं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मी फोनवर त्याच्या कचेरीचा पत्ता विचारत होतो, ते ऐकून बायको हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली, कोण गेलं म्हणून. एकटं सुटं नाणं त्या कायद्यात सहसा बसतच नाही, हे मला पुढे कळलं. आणि ते नाणंही नव्हतं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात हान्स क्राउविंकेल नावाच्या कारागिरानं पाडलेली, हिशोबाच्या पटावर सरकवायची ती पितळी चकती होती. सोळाव्या-सतराव्या शतकात अशा चकत्या ढिगांनी इंग्लंडात आल्या. तिच्या कडेच्या जर्मन अक्षरांचा अर्थ असा, की देवाच्या कृपेनं माणूस श्रीमंत होतो.

हे सगळं मला सांगणाऱ्या बाई म्हणजे आमच्या भागाच्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसर. 1997 पासून इथं पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे. लोकांनी आणलेल्या वस्तू हे अधिकारी मोजतात, तोलतात, फोटो काढतात आणि कुठे सापडली त्यासकट नोंदवून ठेवतात. अशा दहा लाखांहून अधिक वस्तू आजवर नोंदल्या गेल्या आहेत. बाई अतिशय सभ्य. त्या ‘लव्हली’ म्हणाल्या तर समजावं बटण आहे. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या तर ट्रॅक्टरचा भाग.

मग उन्हाळ्यात वाईहून आई आली. मी माझं संग्रहालय डायनिंग टेबलावर मांडलं. शिशाची एक जाड चकती होती, मध्ये भोक, वरच्या अंगाला उठावदार ठिपके. रोमन सैनिकांच्या कुठल्यातरी खेळातली सोंगटी, असं मी बारीक अक्षरात लेबल लावलं होतं.

“अरे, ही तर टकळीची चकती!” आई म्हणाली. “शाळेत सूतकताईचा तास असायचा आम्हाला.”

“आई, हे शिसं आहे गं.”

“मग? जड नको का असायला? नाहीतर टकळी फिरणार कशी?”

मी तिला शेजारचा पोकळ पितळी गोळा दाखवला. त्याच्या पोटाला फट होती आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. त्यावर आर आणि डब्ल्यू अशी अक्षरं होती, म्हणून ‘रेक्स विल्यम’, म्हणजे विल्यम राजाच्या दरबारातली वस्तू, असं लेबल. आईनं तो कानाशी हलवला आणि म्हणाली, “बैलाच्या गळ्यातलं घुंगरू.”

बाईंनी दोन्ही निकाल कायम केले. पहिली मध्ययुगीन टकळीची चकती. दुसरं जनावराच्या गळ्यातलं किंवा घोड्याच्या साजातलं घुंगरू, आणि अक्षरं रॉबर्ट वेल्सची : विल्टशर परगण्यातल्या ऑल्डबर्न गावचा अठराव्या शतकातला ओतारी. हे सांगून झाल्यावर त्यांनी घुंगरू उजेडात धरलं आणि ते इतकं लखलखीत कसं, असं हलक्या आवाजात विचारलं. पितळेवर शेकडो वर्षांत धरलेला हिरवट-काळपट थर आतल्या धातूला सांभाळतो, त्याला कधीही हात लावायचा नसतो. आईनं आदल्या दिवशी देवघरातल्या निरांजनाबरोबर घुंगरू आणि क्राउविंकेलची चकती, दोन्ही चिंच-मीठ लावून स्वच्छ घासून काढली होती. मी खरं ते सांगितलं. बाई ‘लव्हली’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

माझी एक वस्तू मात्र कोणालाच ओळखता आलेली नाही. वाकडं तांब्याचं काहीतरी, एका टोकाला चपटं. योजनेच्या नोंदींत ‘अनोळखी वस्तू’ असा रीतसर वर्ग आहे, त्यात ती गेली. मला याचा अभिमान आहे, कारण त्याच तऱ्हेच्या कोड्यात मोठमोठे लोक अडकलेले आहेत. रोमन काळातले बारा बाजूंचे, प्रत्येक बाजूला भोक आणि कोपऱ्यांवर गोंडे असलेले काशाचे पोकळ ठोकळे युरोपात शंभरावर सापडलेत. 2023 मध्ये लिंकनशरमधल्या नॉर्टन डिझ्नी गावी एक अगदी अखंड निघाला. तो कशासाठी वापरत हे कुठल्याही रोमन लेखकानं लिहून ठेवलेलं नाही, आणि पंडितांचं आजही एकमत नाही. मी आईला फोटो दाखवला. तिनं चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाली, “उदबत्तीचं घर.” बाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

आई परत गेली आणि मामाचे फोन सुरू झाले. आमच्या वाड्याच्या परसात पणजोबांनी हंडा पुरल्याची गोष्ट मामा गेली चाळीस वर्षं सांगतो आहे. या दिवाळीला येताना यंत्र घेऊन ये, असा त्याचा आग्रह. शेजारच्या चार घरांनीही आपापली परसं सुचवली आहेत. त्या सर्वांना एकदाच सांगतो. आपल्याकडे 1878 चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि दडवून ठेवला तर कैदेची तरतूद आहे. तेव्हा मामा, आधी कलेक्टर कचेरीत जाऊन ये. आणि हंडा खरंच निघाला तर मला बोलावू नकोस, आईला बोलाव. फक्त घरातली चिंच आधी लपवून ठेव.