राणीसाहेबांना वर मज्जाव

मधपेटीत खाली पिलांची पेटी, वर मधाची आणि दोहोंच्या मध्ये राणीरोधक जाळी. कामकरी माशीने आरपार जावं, राणीने अडावं, एवढंच जाळीचं काम. राणी वर पोचलीच, तर मधाच्या पोळ्यांतच अंडी घालत सुटते. ऐन हंगामात दिवसाला हजार-दीड हजार! मग मध काढायला बसलेल्या मधपाळाला आधी अळ्यांची शिरगणती करावी लागते.

सच्छिद्र पत्र्याची ही युक्ती १८६५ साली फ्रान्समधल्या कोलँ नावाच्या पाद्र्याने काढली. कुणाला कुठवर सोडायचं, याचा विचार करायची त्या मंडळींना सवय असतेच.

युरोपीय माशीसाठी फट साधारण ४.२ मिलिमीटरची लागते. राणीचं लांबलचक पोट पाहून ती पोटाने अडत असेल असं वाटतं. पण पोट दबतं. अडते ती छाती. म्हणून एखादी चणीने बारीक राणी सुळकन वर जातेही. आपली सातेरी जातीची माशी मुळातच लहान, तिला फट याहून अरुंद हवी.

दुकानात तीन नमुने असतात. पत्र्याची जाळी स्वस्त, पण ती थेट पोळ्यांच्या चौकटींवर पडून राहते. माश्या तिला मेणाने आणि झाडांच्या डिंकाने पक्की चिकटवतात आणि उचकटताना ती वाकते. शेकडो फटींतली एक जरी रुंदावली, तरी राणीला नेमकी तीच सापडते. प्लास्टिकची हलकी, मात्र उन्हात वाकते आणि थंडीत तडकते. लाकडी चौकटीतली तारेची महाग. पण तारा गोल, गुळगुळीत असल्याने ये-जा सुखाची होते.

साफसफाईचे प्रकारही न्यारे. प्लास्टिकची जाळी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की मेण ठिसूळ होतं आणि जरा वाकवताच टवके उडतात. फ्रीझर घरचा असेल, तर परवानगी आधी घ्यावी. तारेची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून स्वच्छ निघते. पटाशी मात्र जपून, तार सरकली की ४.२ चे ५ झालेच.

या बंदोबस्तात खरे भरडतात ते नर. पिलांची चौकट वर नेली आणि तिच्यात नर जन्मले, की ते बाहेर पडायला जाळीत डोकं खुपसतात, तिथेच अडकतात, मरतात आणि कामकऱ्यांची वाटही बुजवतात. त्यांच्यासाठी वरच्या पेटीला वेगळं भोक ठेवावं लागतं.

काही मधपाळ तर हिला मधरोधक जाळीच म्हणतात, कारण कामकरी माश्याही वर जायला कुरकुरतात. त्यांना वर पोळं बांधायची गोडी लागली, की मगच जाळी सरकवायची. थंड देशांत ती हिवाळ्याआधी काढतात. नाहीतर माश्यांचा घोळका मधामागे वर सरकतो आणि राणी खाली गारठून मरते.

जाळी बसवल्यावर चार-पाच दिवसांनी वरच्या पोळ्यात डोकावावं. ताजी अंडी दिसली, तर राणी वरच राहून गेलेली असते आणि जाळी तिला खाली उतरू न देण्याचं काम अगदी चोख करत असते.